जिवंत माणसाचे सुतक

कार्बन पेपरला एक वास असतो: थंड, तेलकट, जिभेच्या मुळाशी किंचित कडवट लागणारा. वामनराव सोनटक्के यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना तो कायम असे. मालतीकाकू ते सदरे रिठ्याच्या पाण्यात भिजवत, दिवसभर उन्हात टांगत. तरीही संध्याकाळी आमच्या सामाईक कुंपणापाशी आधी तो वास येई आणि मग वामनराव येत. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे काकाजी म्हणत. जिल्हा न्यायालयात ते लघुलेखक होते. न्यायाधीश बोलत, काकाजी त्या बोलण्याच्या रेघा आणि ठिपके करून घेत, आणि मग त्या रेघांचे निकालपत्र टंकून काढत. चौतीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये त्यांच्या बोटांतून वाहत गेली. स्वतःची म्हणावीत अशी त्यांना फार थोडी उरली होती, आणि तीही ते विरामचिन्हांसकट बोलत.

"मालती, चहा, स्वल्पविराम, साखर कमी, पूर्णविराम."

"आणि दूध नाही, उद्गारचिन्ह," काकू आतून उत्तर देत.

समोरचा बोलत असला की काकाजींची बोटे मांडीवर हलत. आधी मला ते कंपवाताचे लक्षण वाटे. पुढे कळले की ते आपले बोलणे टंकून घेतात. बोलणाऱ्याने वाक्य अर्धवट सोडले तर बोटेही अधांतरी थांबत आणि ते इतक्या आर्जवाने पाहत, की माणसाने मुकाट्याने क्रियापद पुरवावे. दर रविवारी ते ओसरीवर बसून नखे कापत. सोनाराने तोळामासा पाहावा तसे एकेक बोट उजेडात धरून. "हत्यार स्वच्छ पाहिजे, बेटा," ते मला म्हणाले होते. तेव्हा मी हसले होते.

चौतीस वर्षांच्या नोकरीत ते वाक्य त्यांच्या बोटांतून एकदाच गेले. ते त्याला 'ते वाक्य' एवढेच म्हणत. गळ्याला दोर लावून मरेपर्यंत लटकवण्याचे ते वाक्य. कुही तालुक्यातल्या एका गावात सुखदेव नावाच्या माणसाने शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणातून स्वतःच्या थोरल्या भावाला, वहिनीला आणि त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला कुऱ्हाडीने मारले होते. खटल्याची सगळी साक्ष काकाजींनी टंकली होती. निकालाच्या दिवशी वहिनीच्या म्हाताऱ्या वडिलांनी न्यायाधीशांना देवाला करावा तसा, जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. "तो नमस्कार खोटा नव्हता," काकाजी पुढे अनेकदा म्हणत. "मी समोर बसलेलो होतो. मी पाहिला."

त्या वर्षी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गणपतीचे दिवस होते. आईने दिलेली खिरापतीची वाटी घेऊन मी शेजारी गेले, तर मालतीकाकू दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"नको गं. आमच्याकडे सुतक आहे."

"कोण गेलं, काकू?"

"कोणी नाही."

काकूंनी मान ओसरीकडे झटकली. तिथे काकाजी जमिनीवर घोंगडी टाकून बसले होते. दाढी वाढलेली, अंगात बिनइस्त्रीचा सदरा, पुढ्यात पत्रावळीवर बिनहळदीचे वरण आणि भात. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

"विचार, विचार त्यांना कोण गेलं ते," काकूंचा आवाज चढला. "ज्याचं सुतक धरलंय तो तिकडे तुरुंगात बसून पोळी-भाजी खाऊन राहिला आहे. आणि हे इकडे त्याच्या नावानं अळणी गिळताहेत. माझ्या घरचा गणपती अंधारात बसलाय, त्याचं काय?"

"मालती," काकाजी म्हणाले, "मी एकट्यानं धरलंय. तू पूजा कर."

"नवऱ्याला सुतक आणि बायकोला नाही, असं कुठल्या शास्त्रात आहे, दाखवा मला!"

काकाजींकडे शास्त्र नव्हते. त्यांच्याकडे एक हिशोब होता, आणि तो त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितला. ज्या क्षणी त्यांनी त्या वाक्यापुढचा पूर्णविराम ठोकला, त्या क्षणी तो माणूस त्यांच्यापुरता मेला होता. बाकीची तारीख सरकारची. न्यायाधीशांनी वाक्य उच्चारले होते, पण हवेत उच्चारलेले विरून जाते. कागदावर ते उमटवले होते त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीने. ज्याच्या हातून मरण जाते तो त्या मेलेल्याचा कोणीतरी लागतोच, असे ते म्हणत. रक्ताचा नसेना. म्हणून दहा दिवस.

काळे तीळ आणायला ते लकडगंजच्या बाजारात गेले, तेव्हा ओळखीच्या व्यापाऱ्याने दबक्या आवाजात विचारले, "काकाजी, घरी कोणी गेलं काय?"

"नाही गेला," काकाजी म्हणाले. "जायचा आहे."

व्यापाऱ्याने तीळ बांधून दिले आणि पुढचे वर्षभर त्यांच्याकडे भीतीने पाहिले.

दहाव्या दिवशी ते एकटेच कन्हान नदीच्या काठी गेले. सुखदेवच्या नावाने पाणी सोडले, पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत बसले. सकाळ सरली, उन्हे डोक्यावर आली, शेजारच्या चार घरांचे पिंड शिवून कावळे झाडावर जाऊन बसले. काकाजींच्या पिंडाकडे एकही फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून त्यांनी तो शिववला आणि उन्हाने काळवंडून घरी आले. काकूंनी गूळपाणी पुढे केले आणि म्हणाल्या, "कावळ्यालासुद्धा अक्कल आहे. जिवंत माणसाचा घास तो घेत नाही."

"माहीत आहे."

"कोर्टात जन्म गेला तुमचा. वरच्या कोर्टानं शिक्कामोर्तब केल्याशिवाय फाशी फाशी नसते, हे मला कळतं, तुम्हाला कळत नाही?"

"कळतं, मालती. पण त्या दिवशी घरी येताना बोटांना वास येत होता."

दोन वर्षांनी त्या वरच्या कोर्टाने सुखदेवची फाशी जन्मठेपेवर आणली. बातमी घेऊन आले ते न्यायालयातले नाझर रहीमभाई. काकाजींचा आणि त्यांचा तीस वर्षांचा एकत्र डबा. अंगणातूनच ते ओरडले, "काकाजी, मुबारक हो! तुम्हारा मुर्दा उठ बैठा!"

काकाजी हसले नाहीत. खुर्चीत बसले ते उठेनात. आपण एका जिवंत माणसाला पाणी दिले, नाव घेऊन दक्षिणेकडे रवाना केले, ही गोष्ट त्यांच्या अंगात त्या दिवशी शिरली आणि पुढे कधी निघाली नाही.

मग चर्चा सुरू झाल्या. रविवारी ओसरीवर रहीमभाई असत आणि मोहल्ल्यातल्या मंदिराचे नारायण गुरुजी असत. गुरुजींचे मत स्वच्छ होते. राजदंड भोगला की पापी माणूस धुऊन निघतो, पुण्यवंतासारखा निर्मळ होऊन वर जातो. फाशी टळली म्हणजे बिचाऱ्याचे शुद्ध होणेच टळले.

"गुरुजी, पापी धुतला जातो, मान्य," काकाजी विचारत. "ज्या पाण्यानं धुतला त्याचं काय? ते वाहून कोणाच्या अंगणात जातं?"

"न्यायानं दंड देणाऱ्याला दोष नाही, वामनराव. आणि तुम्ही तर नुसते लेखनिक."

"चित्रगुप्तही लेखनिकच. त्याला झोप येत असेल का हो?"

रहीमभाई पानाची चंची उघडत आणि म्हणत, "हमारे यहाँ मारे गए आदमी के वारिस का हक़ है. चाहे तो बदला, चाहे तो माफ़ी. माफ़ कर दे तो अल्लाह को ज़्यादा पसंद." मग सुपारी कातरता कातरता ते थांबत. "मगर काकाजी, उस घर का मर्द वारिस बचा कौन? वही तो बचा, जिसने मारा."

त्यावर काकाजींची बोटे मांडीवर हळूहळू चालत.

जिवंतपणी ज्याला पाणी दिले गेले, त्याच्यासाठी काय करायचे, हेही गुरुजींनीच सांगितले. परदेशी गेलेला, मेला समजून ज्याचे दिवस केले गेले असा कोणी परत आला, तर त्याला पुन्हा जन्माला घालावे लागते. तुपाने न्हाऊ घालायचे, जातकर्म करायचे, बारसे करायचे, नवे नाव द्यायचे. मागचा माणूस संपला. त्याची नातीही संपली. काकाजींना जणू मार्ग सापडला. निवृत्तीनंतर त्यांनी सुखदेवला तुरुंगात पत्रे लिहायला सुरुवात केली. स्वतःच्या हाताने, टंकून नव्हे. मी कोण, माझ्या हातून काय घडले, मला एकदा भेटू द्याल का. दर महिन्याला एक. तीन वर्षे उत्तर नव्हते. चौथ्या वर्षी पोस्टकार्ड आले. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेले, अक्षर वळणदार, मजकूर एका शब्दाचा: "या."

तोवर काकाजींचे गुडघे गेले होते आणि मी कॉलेजात शिकवू लागले होते. माझ्या स्कूटरवर मागे बसून, खिशात तुपाची लहानशी बाटली घेऊन ते निघाले. ती बाटली अर्थातच फाटकावर काढून ठेवावी लागली. भेटीच्या खोलीत ओल्या चुन्याचा आणि खूप माणसांच्या घामाचा वास कोंडला होता. मध्ये दुहेरी जाळी. अलीकडचे पलीकडच्यांना ऐकू जावे म्हणून सगळेच ओरडत होते. त्या कल्लोळात सुखदेव आला. पन्नाशीचा, वाळलेला, केस पिकलेले. त्याचे हात मी पाहायचे नाही असे ठरवले होते, आणि तेच पाहिले. ते शेतकऱ्याचे हात होते.

"कोन जी तुमी? ते पत्रंवाले?"

"हो. तुमच्या शिक्षेचा कागद मी टाइप केला होता."

"मंग? कोनीतरी करनारच होतं."

"मी तुम्हाला मेलेला धरलं. तुमच्या नावानं पाणी सोडलं. तुम्ही जिवंत असताना." काकाजींनी जाळीला हात जोडले. "चुकलो."

सुखदेवला हसू आले, कोरडे, खोकल्यासारखे.

"तुमी एकटेच काय जी? माह्या मायनं बी तवाच सोडलं. गावानं सोडलं. मेली बिचारी माय, मले पानी देऊनच मेली. आता तुमचं एक अजून."

काकाजींनी त्याला पुनर्जन्माचे सारे सांगितले. ओरडून, कारण शेजारी कोणाची तरी बायको रडत होती. नवे नाव. मागचे सगळे पुसलेले. मी बाहेरून विधी करवीन, तुम्ही फक्त होय म्हणा. सुखदेव मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने जाळीला बोटे अडकवली.

"एक विचारू काय जी? माह्या भावाले, वहिनीले, अन् थ्या पोरीले पानी कोन देल्लं?"

वहिनीच्या वडिलांनी अग्नी दिला होता, हे काकाजींना साक्षीतून माहीत होते. पण मुलगी सासरची झाली की तिचे पुढचे पाणी सासरच्या हातून जाते. त्या घरात पाणी देणारा पुरुष दुसरा कोणी नव्हता.

"सांगतो मी," सुखदेव म्हणाला. "कोनीच नाही देल्लं. इतक्या वर्षांत बी नाही. अन् तुमी मले दुसरं नाव देऊन राहिले. मी दुसरा झालो, तं त्यायचा कोन राहीन?"

मी काकाजींकडे पाहिले. त्यांचा चेहरा एखाद्या पुसलेल्या पाटीसारखा झाला होता. इतकी वर्षे त्यांनी मारेकऱ्याचे सुतक वाहिले होते. मारल्या गेलेल्यांचे एक दिवसही नाही. ते पुढे मला म्हणाले, की त्या क्षणाइतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"तुम्ही द्या," ते जाळीला तोंड लावून म्हणाले. "पितृपक्षाच्या अमावास्येला. ओंजळीत पाणी घ्यायचं, दक्षिणेकडे तोंड करायचं, अंगठ्याच्या बाजूनं सोडायचं."

"तीळ कोठून आनू?"

"तीळ नसले तरी चालेल. नाव पुरतं."

"दक्षिन कोनीकडं हाय जी इथं? आमाले सूर्य भिंतीवरच दिसते."

काकाजी गोंधळले. मी रस्ता आठवून हाताने दिशा दाखवली. सुखदेवने त्या भिंतीकडे नीट पाहून घेतले.

"नावं सांगा," काकाजी म्हणाले. "मला माहीत असावीत."

"तुमीच तं लिवले व्हते."

"मोठ्या दोघांची लिहिली. मुलीला आम्ही सगळीकडे मृतक क्रमांक तीन लिहीत होतो."

वेळ संपल्याची घंटा झाली. माणसे जाळीपासून सुटू लागली. सुखदेवचे ओठ दोनदा हलले आणि आवाज आला नाही. शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो जाता जाता वळून म्हणाला, "छकुली. छकुली म्हनो आमी."

परतीच्या वाटेवर बारशाचा बेत काकाजींनी मनातून काढून टाकला. ओसरीवर मात्र नवे वादळ उठले. गुरुजींनी ऐकताच कानांवर हात ठेवले. "वामनराव, हे काय शिकवून आलात? ज्यानं मारलं त्याच्या हातचं पाणी मेलेले घेत नाहीत. ते तसंच तहानलेले परत फिरतात. त्यापेक्षा न दिलेलं बरं!"

"मग कोणी द्यायचं?"

"कोणीही नाही. काही घरांचं पाणी तुटतं. तीही शिक्षाच असते."

"ती सहा वर्षांची होती, गुरुजी. तिला कशाची शिक्षा?"

गुरुजी वाईट माणूस नव्हते. ते उठले, जोडे घातले आणि दारात थांबून म्हणाले, "मला माहीत नाही, वामनराव. मला जे शिकवलं ते मी सांगितलं."

अमावास्येनंतर पोस्टकार्ड आले. वळणदार अक्षरात, पण शब्द सुखदेवचे: नळावर उभा राहून पाणी सोडले. भावाचे झाले, वहिनीचे झाले. पोरीच्या वेळेस नाव तोंडातून निघाले नाही आणि ओंजळीतले पाणी तेवढ्यात गळून गेले. काकाजींनी ते कार्ड उशाखाली ठेवले. त्या वर्षी ते झपाट्याने थकले. वर्षभर त्यांचा एकच ध्यास होता. दर महिन्याच्या पत्रात ते सुखदेवला तेवढेच लिहीत: घाई करू नका, आधी नाव घ्या, मग बोटे सैल करा. कोणाला तरी पोहायला शिकवावे तसे. आणि मला अधूनमधून विचारत, "फाशी दिली असती तर त्या घरातला, तिला छकुली म्हणणारा शेवटचा माणूस गेला असता. हे मी त्या म्हाताऱ्याला, तिच्या आजोबाला, तोंड वर करून सांगू शकेन का गं?" उत्तर त्यांना नको असे.

पुढच्या अमावास्येला सुखदेवने नाव घेतले. तसे कार्ड आले: "यंदा पहिले पोरीचंच देल्लं." काकाजींना ते मीच वाचून दाखवले, कारण त्याच पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. त्या दहा बोटांतली पाच. ते ऐकून त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. उजवा कोरडाच राहिला.

शेवटचे मी त्यांना मे महिन्यात पाहिले, भर दुपारी. बाहेर रस्ता पांढरा पडला होता. खोलीत कूलरची घरघर, भिजलेल्या वाळ्याचा गार वास आणि आजारी माणसाच्या अंगाचा गोडसर, आंबूस दर्प. मालतीकाकू उशाशी ओला फडका घेऊन बसल्या होत्या. आता त्या भांडत नव्हत्या, आणि ते घर मला ओळखीचे वाटेना. काकाजी तीन दिवस बोलले नव्हते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि ते त्यांनाही ठाऊक असावे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर निघायच्या आधीचा, बूट घालून बसलेल्या माणसाचा नीटनेटकेपणा होता.

मी जवळ बसले. बोलू नये ते मी बोलले. गुरुजींचे शब्द माझ्याही मनात अडकून राहिले होते, आणि विचारायला दुसरे कोणी उरणार नव्हते.

"काकाजी," मी म्हणाले, "त्याच्या हातचं पाणी छकुलीनं घेतलं असेल का हो?"

काकूंनी माझ्याकडे रागाने पाहिले. काकाजींचे डोळे उघडले. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. ओठांचा जो अर्धा भाग अजून त्यांचा होता तो हलला, आणि एखादे काम अंगावर घेताना ते बोलत तितक्याच स्पष्टपणे ते म्हणाले,

"विचारतो."